स्पर्शाची संस्कृती

पडद्यावर माझ्या आईचे हात आले तेव्हा मी बिस्कीट खात होतो. मीटिंगमध्ये दुभाष्याने खाऊ नये असा काही नियम नाही, पण आपण घास घेतला की नेमकं तेव्हाच कुणीतरी बोलतं आणि मग तोंडातल्या चुऱ्यासकट एखादं गंभीर वाक्य इकडचं तिकडे करावं लागतं. त्या दिवशी कुणीच बोललं नाही. पडदा भरून दोन हात होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, पेरांवर सोल्यूशनचा, म्हणजे बुटाचा सोल चिकटवायच्या त्या पिवळ्या गोंदाचा, वाळलेला पापुद्रा, आणि डाव्या मनगटावर तो चपटा डाग, जो मी लहानपणी गरम इस्त्रीची वायर ओढली तेव्हा मला वाचवताना तिला पडला होता. फोटो चांगला होता. प्रकाश बाजूने येत होता. एखाद्या महागड्या साबणाची जाहिरात असावी तसे ते हात एका बुटावर ठेवलेले होते आणि खाली सुबक अक्षरांत, परदेशातल्या हेड ऑफिसच्या भाषेत, लिहिलं होतं: स्पर्शाची संस्कृती. त्याखाली बारीक अक्षरांत: इथल्या कामगाराला वस्तूशी थेट नातं हवं असतं, हातमोजे त्याला परके वाटतात. बिस्किटाचा माझ्या तोंडात लगदा झाला होता आणि तो गिळायची आज्ञा घशाला द्यायला मी विसरलो होतो. आईच्या हातांना गेल्या हिवाळ्यापासून स्पर्श कळत नाही.

हे वाक्य मी मनात उच्चारलं आणि मला हसू आलं. राग आला की मला हसू येतं, हा माझा जुना आजार आहे. शाळेत ह्याच्यापायी दुप्पट मार खाल्ला आहे. शेजारी बसलेले साहेब, म्हणजे आमच्या कारखान्याचे मुख्य, माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, "आवडला ना फोटो? मलाही आवडला." साहेबांना हेड ऑफिसची भाषा हॉटेलात जेवण मागवण्यापुरती येते, तीही शाकाहारी, म्हणून मी नोकरीला आहे. माझ्या पदाचं नाव दुभाषी नाही, सांस्कृतिक दुवा आहे. हेड ऑफिसने एक संस्कृतीतज्ज्ञ पाठवला होता, तो चार दिवस गळ्यात कॅमेरा घालून कारखाना हिंडला, त्याने हे सगळे पडदे, म्हणजे स्लाइड, बनवले आणि सोबत शिफारस केली की, कंपनीने एखादा स्थानिक आवाज नेमावा. तो स्थानिक आवाज मी. आई तेव्हा गल्लीभर सांगत फिरली होती की, पोरगा वरच्या मजल्यावर लागला, पंख्याखाली. ती स्वतः खालच्या मजल्यावर आहे, तिथे पंखा चालत नाही. चालू नये असा नियम आहे, कारण वाऱ्याने सोल्यूशन लवकर वाळतं आणि सोल नीट बसत नाही. बुटाच्या तब्येतीची काळजी आमच्याकडे फार.

पडदे पुढे सरकत होते. काळाची संस्कृती: इथले लोक काळाला सरळ रेषा मानत नाहीत, वर्तुळ मानतात, त्यामुळे जादा तासांची कल्पना त्यांना लागू होत नाही. सामूहिकतेची संस्कृती: एकत्र असणं हा इथला आनंद आहे, म्हणून दोनशे बायकांना तीन संडास पुरतात. मौनाची संस्कृती: तक्रार करणं इथे असभ्य समजतात. मी एकेक ओळ साहेबांच्या कानात ओतत होतो आणि साहेब मान हलवत होते, जणू ह्या लोकांविषयी ते आजच पहिल्यांदा ऐकत होते आणि प्रभावित होत होते. मला वाटलं, ह्या माणसाने कुठल्या तरी भलत्याच गावाचा फोटो काढला आणि चुकून आमचा पत्ता टाकला. पण हात तर आमचेच होते. मग शेवटी ओढपंख्याचा पडदा आला. तिकडे, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात, सोल्यूशनच्या प्रत्येक टेबलावर एक सोंड उतरलेली असते. ती वास आणि वाफ ओढून छपराबाहेर टाकते. आपल्याकडे त्या सोंडा बसवायच्या की नाहीत, हे ह्या भेटीत ठरायचं होतं. तज्ज्ञाचं मत असं पडलं की, सोंडेच्या घरघरीमुळे कामगार बायकांच्या सामूहिक गप्पांच्या परंपरेत व्यत्यय येईल. मी हे भाषांतर करताना अडखळलो नाही, ह्याचा मला अजून अभिमान वाटतो. तिकडे सोंडा कशा बसल्या हे मला ठाऊक होतं, कारण तो किस्सा एका फोनवरच्या बोलण्याचं भाषांतर करताना मीच इकडे आणला होता. तिकडच्या गोदामवाल्याचा कुत्रा रोज कामावर यायचा आणि सोल्यूशनच्या खोलीत त्याला शिंका यायच्या, तेव्हा त्यांनी डॉक्टर बोलावला, मीटिंग घेतली आणि महिन्याच्या आत सोंडा बसवल्या. कुत्र्याला त्याची संस्कृती कुणी विचारली नव्हती.

"मला त्या बाईंना भेटायचं आहे," पडद्याच्या उजेडात बसलेली पाहुणी म्हणाली. "ह्या हातांना." ती हेड ऑफिसची नीतिप्रमुख, आम्ही तिला नीतिबाई म्हणतो, तिच्या तोंडावर नाही. बाई वाईट नव्हती, हा सगळा घोळ त्याचाच. वाईट असती तर माझं काम सोपं होतं. ती आल्या दिवशी लिफ्टवाल्याशीही हात मिळवून बोलली होती, लिफ्ट बंद आहे हे तो तिला सांगू पाहत होता तरी. "मी स्वतः विचारीन," ती म्हणाली. "त्यांना त्रास होत असेल तर सोंडा उद्या मागवते, ते माझ्या हातात आहे. पण त्यांना नको असतील, तर आमची मूल्यं मी त्यांच्यावर लादणार नाही." हे बोलताना तिने छातीवर हात ठेवला. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी समाधानाने चहाचा कप बशीत ठेवला आणि जिन्यावरून उतरताना माझ्या खांद्यावर हात टाकला. "तुझी आईच की रे ती! काय योगायोग बघ." मी म्हटलं, "हो ना." "माऊली फार सोशिक. बोलेल तेवढंच सांगायचं हं. पदरचा मसाला नको घालू." ते योगायोग म्हणाले, पण दोनशे बायकांत पाहुण्याला कधीही वेडंवाकडं न बोलणारी बाई कोणती हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि तिचाच फोटो निवडला गेला होता. जिना मी एकेक पायरी मोजत उतरलो, खाली पोचायची मला घाई नव्हती.

कारण आदल्या संध्याकाळीच मी तिच्याशी भांडलो होतो. ती दूध तापवत होती. दूध वर आलं आणि तिने पातेलं उतरवलं, फडकं न घेता, नुसत्या बोटांनी, आणि ओट्यावर ठेवून निवांत पदर सारखा केला. मी ओरडलो. ती म्हणाली, "ओरडायला काय झालं? भाजलं का मला? उलट बरंय, सांडशी शोधायला नको." मग तिने स्वतःच्या बोटांकडे असं पाहिलं, जणू ती शेजारणीची होती आणि सांभाळायला ठेवली होती. मला आठवलं, लहानपणी मी अंगाला नुसतं गरम म्हटलं तरी ती कपाळावर पालथा हात ठेवायची आणि सांगायची, शाळेत जायचं की नाही. थर्मामीटर आमच्या घरी नव्हताच. त्या हातापुढे खोटं चालत नसे. मी कांदा बगलेत धरून पाहिला होता, हात म्हणाला, जा शाळेत. आता मला ताप आला की ती वाकून गाल लावते. पहिल्यांदा तिने गाल लावला तेव्हा मला वाटलं माया उतू चालली आहे, आणि मी लाजून तोंड फिरवलं. मग कळलं की हात काही सांगेनासा झाला आहे. ब्लाउजचे हूक बहीण लावते. अंघोळीचं पाणी कढत आहे का हे ती कोपर बुडवून बघते, आणि आता कोपरही कधी कधी खोटं बोलतो. डॉक्टरने सांगितलं, नसा जातायत, वाफेने, काम बदला. तिने डॉक्टरला म्हटलं, "बरं." डॉक्टर हाही एक प्रकारचा पाहुणाच.

"उद्या हेड ऑफिसची बाई कुणाला तरी विचारणार आहे," मी म्हटलं होतं. "तुला विचारलं तर सांगशील?" "मी? तिला?" ती हसली. "इतक्या लांबून आलेली पोर, तिला काय आपलं रडगाणं ऐकवायचं? घरी आलेल्या माणसाला कुणी छत गळतंय म्हणून सांगतं का?" "ते घर नाही आई, कारखाना आहे." "तुला काय माहीत. तू वर बसतोस." मग जरा थांबून, पातेल्यावर झाकण ठेवत, "आणि सांगितलं तर पहिले हात कुणाचे बघतील? माझेच. म्हणतील, मावशी, तुम्ही आता घरी बसा. बसू मी घरी? तुझ्या पगारात?" माझ्या पगारात काय काय बसतं ह्याविषयी आमच्या घरात एकमत आहे, म्हणून मी विषय बदलला. तो कॅमेरावाला तज्ज्ञ आला होता तेव्हा त्यानेही तिला विचारलं होतं, हातमोजे का घालत नाही. हातमोजे पूर्वी मिळायचे, मग एके दिवशी मिळायचे थांबले, एवढी साधी गोष्ट. पण परक्या माणसासमोर कंपनीची अब्रू कशी काढायची? तेव्हा आई म्हणाली होती, "हाताला कळलं पाहिजे ना बाबा, मोज्यात काय कळतंय?" रात्री जेवताना हा किस्सा तिनेच सांगितला होता, स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन. तिच्या त्या एका सभ्य थापेतून त्या माणसाने संस्कृती काढली. बाकीच्या बायकांना कुणी विचारलंही नाही. एक आई, एक थाप आणि एक चांगला प्रकाश, एवढ्यात आमच्या सगळ्यांचं काम झालं.

खालच्या मजल्यावर सगळं धुऊन पुसून ठेवलं होतं. मुकादम, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि जो कुणाचाच मामा नाही, दारात नवा शर्ट घालून उभा होता; शर्टाच्या पाठीवर घड्यांच्या रेघा तशाच होत्या. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर सोल्यूशनचा डबा, ब्रश, आणि समोर उलटे पालथे बूट, तळवे वर करून. बायका खाली माना घालून ब्रश फिरवत होत्या. सामूहिक गप्पांची परंपरा त्या दिवशी कुणी पाळत नव्हतं. आईने आम्हाला येताना पाहिलं, पदराला हात पुसले आणि उभी राहिली. मला तिने ओळख दाखवली नाही. कामाच्या जागी ती मला कधीच ओळख दाखवत नाही. तिला वाटतं त्याने माझा दर्जा कमी होईल. नीतिबाईने दोन्ही हातांनी आईचे हात धरले. आईने खाली पाहून खात्री केली की ते धरले गेले आहेत.

"विचारा त्यांना," नीतिबाई मला म्हणाली, "ह्या वासाचा, वाफेचा त्यांना काही त्रास होतो का? मोकळेपणाने सांगा म्हणावं." मी विचारलं. मी माझ्या आईला अहो-जाहो केलं, कारण कंपनीचं तसं धोरण आहे. "ह्या विचारतायत, ह्या वासाचा तुम्हाला काही त्रास होतो का?" आईचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले, त्यांत ओळख नव्हती आणि दम होता. "छे हो," ती म्हणाली, तोंडभर हसून. "त्रास कसला! सवय आहे आम्हाला. बाई दमल्या असतील, चहा सांगितलाय का कुणी?" सगळेजण माझ्याकडे बघू लागले. साहेब, नीतिबाई, मामा, आजूबाजूचे थांबलेले ब्रश. दुभाष्याकडे कधी कुणी बघत नाही. लोक त्याच्यातून आरपार, समोरच्या माणसाकडे बघतात, काचेतून बघावं तसं. त्या वेळी मात्र त्या काचेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं आणि मी दिसू लागलो. मला तिचा गाल आठवत होता, तापलेल्या कपाळावर टेकलेला, अंदाज घेणारा. मी म्हणालो, "त्या म्हणतात, काही त्रास नाही. सवय आहे. आणि तुम्ही चहा घेणार का?"

नीतिबाईचा चेहरा उजळला आणि त्याच वेळी खट्टू झाला. "बघा," ती हळूच म्हणाली, "म्हणूनच मला लादायचं नव्हतं." आणि पुन्हा तिचा हात छातीकडे निघाला. तो हात वर जाताना मी पाहिला आणि मला हसू आलं नाही. ही नवीन गोष्ट होती. मी त्यांच्या भाषेत बोलू लागलो, कुणीही काही बोललेलं नसताना. "लादा," मी म्हणालो. "बाई, लादा हो. आम्ही पाया पडतो. तुम्ही आमच्यावर तुमचे बूट लादले, तुमची घड्याळं लादली, दिवाळं निघालं तेव्हा तुमचं दिवाळं लादलं, तुमच्या सुट्ट्या आमच्या भिंतीवर छापल्या, तेव्हा नाही कुणी छातीवर हात ठेवला. सगळं लादून झालं आणि सोंडेपाशी येऊन तुम्हाला आमचा आदर आला? त्या बाईंना गरम कळत नाही. गार कळत नाही. तुम्ही हात धरलात तेही तिने डोळ्यांनी बघून ठरवलं. आम्हाला तुमच्या त्या कुत्र्याइतकंच वागवा, त्याहून जास्त आदर नको."

 आई म्हणाली, "एवढं काय बोलतोयस? मी तर एवढंसंच बोलले." साहेबांना शब्द कळले नव्हते, पण सूर कळला होता. ते पुढे झाले आणि मला म्हणाले, "सांग तिला. हा त्या बाईचा मुलगा आहे म्हणावं. ह्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका." मी भाषांतर केलं. अचूक केलं. "साहेब म्हणतात, मी ह्या बाईंचा मुलगा आहे आणि माझ्या सांगण्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका."  हे वाक्य मी सांगितलं म्हणजे त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे नीतिबाईला ठरवता येईना. तिच्या कपाळावर ते गणित उभं राहिलेलं मला दिसलं. "खरं आहे हे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "मी सांगून उपयोग काय?" शेवटी तिने उसासा टाकला. हितसंबंधांचा संघर्ष, ती म्हणाली. नियम स्पष्ट आहे. माझं आजचं सगळं बोलणं बाद धरावं लागेल, माझ्या जागी दुसरा दुभाषी येईपर्यंत सोंडांचा निर्णय पुढच्या वर्षावर जाईल, तिला फार वाईट वाटतं. हेही मीच साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "उत्तम." मग मला, अगदी आपुलकीने, "उद्यापासून येऊ नकोस हं."

आईने ते ऐकलं. ते तिच्याच भाषेत होतं.

तिने मामाकडे पाहिलं. मामा शर्टाच्या बटणाकडे बघत होता. तिने साहेबांकडे पाहिलं, मग नीतिबाईकडे, अगदी शांतपणे, ताटात अन्न टाकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मग तिने आपलं स्टूल पुढे ओढलं, पदराने झटकलं आणि नीतिबाईला खांद्याला धरून त्यावर बसवलं. बाई बसली, आईने बसवलं की माणूस बसतो. मग आई भिंतीकडे गेली आणि खिडकी लावली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की, आज खिडक्या उघड्या आहेत. एरवी त्या कायम बंद असतात, कारण बाहेरची धूळ ओल्या सोल्यूशनवर बसते आणि अख्खा माल परत येतो. तिने दुसरी लावली. कडी बसली की नाही हे तिच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक कडीकडे ती वाकून बघत होती. तिसऱ्या खिडकीशी पोचेपर्यंत पलीकडच्या रांगेतली एक बाई उठली होती, आणि मग आणखी एक. उरलेल्या खिडक्या त्यांनी लावल्या. आईने येऊन डब्याचं झाकण काढलं, नीतिबाईच्या पुढ्यात एक बूट पालथा ठेवला, दुसरं स्टूल घेऊन समोर बसली आणि ब्रश चालवू लागली. वास वर चढला. आधी तो गोड असतो, मग डोळ्यांच्या मागे जाऊन बसतो. "हे काय चाललंय?" साहेब मला म्हणाले. "तुझ्या आईला विचार, काय हवंय तिला?" मी हितसंबंधी असल्यामुळे गप्प राहिलो. साहेब रुमाल नाकाला लावून दाराशी सरकले, एक पाय आत, एक बाहेर. "साहेब," आई मान वर न करता म्हणाली, "आत या नाहीतर बाहेर जा, पण दार लावा. धूळ येते."

दार लागलं. साहेब त्याच्या पलीकडे होते. नीतिबाई बसून राहिली, हे मला सांगितलंच पाहिजे, उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते भावनेचं नव्हतं. ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि मग आईच्या हातांकडे, ब्रश धरलेल्या, सोल्यूशनमध्ये पेरापर्यंत बुडालेल्या. फार वेळ गेला असं मला वाटलं, नसेलही गेला. मग तिने मला नाही, सरळ आईला विचारलं, त्यांच्या भाषेत, घोगऱ्या आवाजात. आईने ब्रश थांबवला.

"काय म्हणतेय ती?"

"विचारतेय, इथे रोज असंच असतं का?"

आईने हातातला बूट उजेडात धरून फिरवून पाहिला, सगळीकडे सारखं लागलंय ना ह्याची डोळ्यांनी खात्री केली, आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकवला.

"सांग तिला," आई म्हणाली, "पाहुणे येतात तो दिवस सोडून."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.